जुनी बोट: रंगाआधी मागची फळी तपासा

प्रश्न: मासेमारीची जुनी फायबरची बोट घरीच दुरुस्त करायची आहे. सुरुवात रंगकामापासून करावी का?

उत्तर: रंग सर्वांत शेवटी द्यावा. अशा अनेक बोटींत इंजिन बसवण्याच्या मागच्या फळीत प्लायवूड असते आणि स्क्रूच्या छिद्रांतून झिरपलेल्या पाण्याने ते, बाहेरून काहीही न दिसता, आतल्या आत कुजत जाते. म्हणून ती फळी लहान हातोडीने सर्वत्र हलकेच ठोकून पाहावी. आवाज बद्द आला, तर कुजलेला भाग संपूर्ण काढून नवे लाकूड बसवावे. ओलाव्यावर केलेली दुरुस्ती टिकत नाही, त्यामुळे इथे घाई अजिबात करू नये. जोडासाठी इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारा चिकट पदार्थ) उत्तम. मात्र फायबरच्या बोटींत सर्रास वापरले जाणारे पॉलिएस्टर रेझिन सुकलेल्या इपॉक्सीवर नीट चिकटत नाही. फायबर घासताना मास्क आणि चष्मा अवश्य वापरावा.