डायबेटिसच्या औषधाने पार्किन्सन्स बरा होतो का? फेज २ मधे (म्हणजे कमी पेशंटवरच्या सुरुवातीच्या ट्रायलमधे) चांगला रिझल्ट आला होता, मग औषध का देत नाहीत?

थोडक्यात सांगायचं तर पुढच्या मोठ्या ट्रायलमधे ते टिकलं नाही.

तुम्ही बहुतेक एक्सेनाटाइडबद्दल वाचलं असेल, डायबेटिसचं इंजेक्शन (मूळ शोध 'हिला मॉन्स्टर' (Gila monster) नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेतून लागला, खरंच!). लंडनला ६२ पेशंटवर ट्रायल झाली, ४८ आठवडे, २०१७ मधे रिझल्ट आला, आणि औषधवाल्यांच्या हालचाली प्लासिबोवाल्यांपेक्षा (म्हणजे औषध नसलेलं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा) बऱ्या राहिल्या, म्हणून सगळे खुश. मग फेज ३, म्हणजे ती मोठी ट्रायल केली, १९४ लोक, ९६ आठवडे, २०२५ मधे रिझल्ट आला आणि दोन्ही ग्रुपमधे काहीच फरक नाही. लहान ट्रायलमधे योगायोगाने पण फरक दिसू शकतो, आणि पार्किन्सन्समधे प्लासिबोचा इफेक्ट तर भलताच जोरदार असतो, नुसत्या आशेने पण मेंदूत डोपामिन (या आजारात कमी पडणारं रसायन) वाढतं म्हणे, ते मोजून दाखवलंय लोकांनी. म्हणूनच कोणाला खरं औषध मिळतंय ते पेशंटला आणि डॉक्टरला दोघांनाही सांगत नाहीत.

त्याच जातकुळीतलं लिक्सिसेनाटाइड, त्याची फ्रान्समधे १५६ जणांवर फेज २ झाली, २०२४ मधे रिझल्ट आला, थोडा फायदा दिसला पण औषध घेणाऱ्या ४६ टक्के लोकांना मळमळ. मला तरी यावर लगेच उड्या माराव्यात असं वाटत नाही.

डायबेटिस असेल तर गोष्ट वेगळी, पण फक्त पार्किन्सन्ससाठी स्वतःच्या मनाने घेऊ नका, या औषधांनी वजन उतरतं आणि या आजारात ते आधीच उतरत असतं बऱ्याच जणांचं.