बंद मिलमधून बॉबिन कशाला उचललीत?

लालबागच्या एका बंद मिलमध्ये चौघं भिंतीच्या भगदाडातून शिरलात, रील टाकलीत, आठवण म्हणून सूत गुंडाळायची एक लाकडी बॉबिन घरी आणलीत आणि आता पोलिसांची नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, हजर राहा म्हणणारी नोटीस आलीये. तुम्ही म्हणता तिथं कोणी राहतच नाही, मग चोरी कसली. अर्बेक्सवाल्या, म्हणजे ओसाड इमारतींत शिरून फोटो काढणाऱ्या पोरांचे असे मेल हल्ली सारखे येतात, सगळ्यांना बंद म्हणजे बेवारस वाटतं. अहो, १९८२च्या संपानंतर बसलेल्या मिलसुद्धा कुणाच्या ना कुणाच्या ताब्यात आहेत, एनटीसी म्हणजे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळ, बुडालेली कंपनी मोडीत काढणारा लिक्विडेटर नाहीतर बिल्डर.

नुसतं आत शिरल्याचं मला फार टेन्शन नाही. अतिक्रमणाला गुन्हा करायचा किंवा ताबेदाराला त्रास द्यायचा हेतू लागतो, फोटोसाठी गेलो हे बरेचदा पटतं. नेहमी नाही, २०१३च्या शक्ती मिल प्रकरणापासून अशा जागी कोणी दिसलं की पोलीस आधी संशयच घेतात.

घोडं अडलंय बॉबिनवर. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, म्हणजे साधी चोरी लागली, वस्तू पाच हजारांच्या आतली आणि पहिलीच वेळ असली तर ती परत करून समाजसेवेवर भागू शकतं. कलम ३०५, म्हणजे इमारतीतली चोरी लागली तर सात वर्षांपर्यंत कैद, वर अजामीनपात्र, आणि त्यात राहतं घरच नाही तर मालमत्ता ठेवण्यासाठी वापरात असलेली इमारतही येते. आता तुमचीच रील बघा. पहिल्या मजल्यावर मशीनवर ताडपत्री आहे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने नंबर टाकलेत, म्हणजे कोणीतरी मोजून माल ठेवलाय. पुढे छप्पर कोसळलेली शेड दिसते, मध्येच पिंपळ उगवलाय, तिथं कसला माल ठेवलाय म्हणून भांडता येईल. मग बॉबिन नक्की कुठून उचलली? एवढ्या लांबलचक मेलमध्ये ड्रोन कुठला वापरला ते लिहिलंत, हे नाही. फोटोशिवाय काही उचलायचं नाही हा तर तुमच्या छंदातलाच नियम ना?

वकील गाठा, बॉबिन कुठून उचलली हेच त्यांना पहिल्यांदा सांगा. रील डिलीट करू नका, पुरावा नष्ट केल्याचं नवं लचांड मागे लागेल. बॉबिन रात्री भिंतीवरून परत फेकायला तर मुळीच जाऊ नका, ती वकिलामार्फत जमा होऊ दे आणि पंचनाम्यात जागा बरोबर लिहिली जातेय ना ते त्यांना बघू दे. पासपोर्टला अडचण येईल का विचारलंत, ते आत्ताच सांगता येणार नाही, चार्जशीट कधी लागते त्यावर आहे आणि आपल्याकडे ती कधी लागेल हे देवालाच ठाऊक. नोटिशीतली तारीख मात्र चुकवू नका, नाही गेलात तर अटकेचा रस्ता मोकळा होतो आणि तुम्ही दहा दिवस ‘बघू’ म्हणत आधीच घालवलेत.