व्हिसा सहाच महिन्यांचा, कोर्स दोन वर्षांचा!

प्रश्न : मुलीला जर्मनीत एमएस्सीला प्रवेश मिळालाय. कोर्स दोन वर्षांचा, पण व्हिसावर सहाच महिने. चूक झाली का? तिकीट काढू की थांबू?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : चूक नाही, तिकीट काढा. हा व्हिसा फक्त प्रवेशापुरता असतो. पुढचा रहिवास परवाना तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेतून मिळतो.

खरी अडचण पत्त्याची येते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. नुसता भाडेकरार चालत नाही. खोली ठरवतानाच विचारा, ‘दाखला देणार ना?’ दुसरं म्हणजे, टपालपेटीवर मुलीचं आडनाव हवंच. आपल्याकडे पोस्टमन गल्लीत विचारून पत्र पोचवतो; तिथे पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि कार्यालयाची बरीच पत्रं टपालानेच येतात.

परवान्याला पासपोर्ट, विद्यापीठाचा नोंदणी दाखला, पत्त्याची नोंद, फोटो, आरोग्य विमा आणि पैशांचा पुरावा लागतो. परवान्यासाठी प्रवास विमा चालत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे पैशांच्या पुराव्यासाठी उघडलेल्या आणि दरमहा ठरलेलीच रक्कम देणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो भरले असतील, तरी महिन्याला ९९२च हाती येतात, तेही तिथलं बँक खाते उघडल्यावर. पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा द्या.

परदेशी नागरिक कार्यालयात भेटीची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून पोचल्याबरोबर परवान्याचा अर्ज टाकायचा. व्हिसा संपण्याआधी अर्ज गेला असेल, तर निर्णय होईपर्यंत तिथलं राहणं कायदेशीर धरतात. मात्र अर्जाची पोच जपून ठेवायला सांगा.