जाड तार फरफरते

प्रश्न : बास गिटारची जाड तार छेडली की अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) फरफरतो, आवाज कमी ठेवला तरी. स्पीकर गेला का? – एक वाचक, परळ

उत्तर : स्पीकरला इतक्यात दोष देऊ नका. बास अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेली, असेल तर आधी तिची ९ व्होल्टची बॅटरी बदला. केबल खोचलेली राहिली की न वाजवताही बॅटरी उतरते. गिरगावच्या खोलीत मी दोन रविवार अ‍ॅम्प उघडून बसलो होतो. दोष बॅटरीत निघाला.

तरीही फरफरलं तर अ‍ॅम्पला हेडफोन लावा. त्यात आवाज स्वच्छ आला, तर अ‍ॅम्पचा प्लग काढून स्पीकरचा कागदी कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद दाबा. खरखर लागली तर आतली कॉइल घासतेय. दुरुस्तीला लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठा. हेडफोनमध्येही फरफर असेल तर कारागिराकडेच न्या, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरते.

आणि हो, मांडणीवरची भांडी उतरवून एकदा वाजवून बघा. जाड तारेच्या ४१ हर्ट्झच्या सुराला तीही थरथरतात.