शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना येशूबद्दल कसं सांगावं?

तुम्ही विचारलंय की बेळगावात नवीन आहात, शेजारी सगळे हिंदू, मग विश्वासाबद्दल बोलायचं कसं. मी खानापूर तालुक्यातला, मराठी उपासनेत वाढलेला, म्हणून सांगतो.

आधी बोलूच नका, ऐका. आमच्या गल्लीत एका काकूंचे यजमान आजारी होते. आई रोज डबा न्यायची, जवळ बसायची. महिन्याभराने काकूंनीच विचारलं, ‘तुम्ही रोज डोळे मिटून काय म्हणता गं?’ तेव्हा आईने सांगितलं, आणि त्यांची परवानगी घेऊन तिथेच प्रार्थना केली. बायबलमध्ये पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) हेच आहे: आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने. विचारणाऱ्याला, हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

बोलताना घरातली मराठी वापरा. समोरचा कन्नड बोलत असेल तर मोडकी का होईना, कन्नड. ‘तारण’, ‘पश्चात्ताप’ हे शब्द चर्चबाहेर आपल्या अर्थाने कुणाला कळत नाहीत. तुमच्या आयुष्यात काय बदललं ते सांगा. त्यांच्या देवांबद्दल वाईट शब्द कधीच नको. गणपतीत त्यांच्या घरी जा, नाताळात त्यांना करंज्या खायला बोलवा.

कायद्याचंही भान हवं. घटनेचं कलम 25 धर्माचा प्रसार करू देतं, पण 1977 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणून मदत आणि साक्ष, म्हणजे विश्वासाबद्दल सांगणं, यांची सांगड घालू नका. पैसे, नोकरी, शाळेची फी यांच्या बदल्यात प्रार्थनेला बोलावणं मला येशूच्याच विरुद्ध वाटतं. काकू आजही त्यांच्या देवळात जातात, आणि आई अजूनही त्यांच्याकडे जाते.