डिलनची गाणी मँडोलिनवर: पहिला धडा

अमेरिकन गायक-मँडोलिनवादक टिम ओब्रायनचा 'रेड ऑन ब्लॉन्ड' (1996) हा अल्बम आधी निव्वळ ऐका. सगळी गाणी बॉब डिलनची. नावही त्याच्या 1966 च्या 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड'वरची कोटी.

मग चॉप, म्हणजे कॉर्डवर मारून लगेच तोडलेला फटका. ब्लूग्रास या अमेरिकन लोकशैलीत सहसा ड्रम नसतो. चार मात्रांपैकी बास 1 आणि 3 वर, मँडोलिनचा चॉप 2 आणि 4 वर. जी कॉर्डचा पूर्ण चॉप जाड तारेकडून 7-5-2-3 पडद्यांवर असतो, पण त्यात नव्या माणसाची करंगळी रडते. सर्वांत जाड तारांची जोडी सोडा, 5-2-3 पुरे. फटका मारताच बोटांचा दाब सैल करा, बोटं तारांवरून उचलू मात्र नका. उचललीत की मोकळ्या तारा घुमतात आणि ठेका चिखल होतो. खुल्या कॉर्डवर चॉप जमत नाही तो याच कारणाने.

डिलनकडे कडवी भरमसाट. प्रत्येकानंतर सोलो घेतलात तर गाणं संपता संपत नाही. दोन कडव्यांनंतर एक बरा. आणि लय शब्दांवरून ठरवा, बँजोवाल्याच्या उत्साहावरून नको. सर्वांत दाट ओळ स्पष्ट म्हणता येईल, तोच वेग.