लहान आतड्याचा एमआरआय: नळी की नुसतं प्यायला?

अगं, यावर फार डोकं शिणवू नकोस. क्रोन्सचा (आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचा आजार) संशय किंवा फॉलो-अप असेल तर एन्टरोग्राफीच घे, म्हणजे द्रव नुसतं प्यायला देऊन केलेला एमआरआय. नाकातून जेजुनमपर्यंत (लहान आतड्याचा मधला भाग) नळी घालून त्यातून द्रव सोडलं, म्हणजे एन्टरोक्लिसिस केलं, की वरचं आतडं जास्त छान फुगतं हे खरं, पण ती नळी फ्लुरोस्कोपीखाली, म्हणजे चालू एक्स-रेखाली बसवावी लागते. म्हणजे जे रेडिएशन टाळायला एमआर मागवला, तेच थोडं परत आलं. शिवाय पेशंटचे हाल. हलक्या स्ट्रिक्चरचा (आतडं अरुंद होण्याचा) प्रश्न सुटतच नसेल तेव्हाच तिकडे वळ.

खरी परीक्षा पिण्यात आहे. तीन टक्क्यांच्या आसपासचं मॅनिटॉल (आतड्यात पाणी धरून ठेवणारं साखरेसारखं द्रव्य), सव्वा ते दीड लिटर, पाऊण ते एक तासात, थोडं थोडं. 'सगळं संपवलं' म्हणत अर्धी बाटली खुर्चीखाली सरकवणारे पेशंट मी पाहिलेत. बाटली स्वतः बघ. आणि टॉयलेट जवळ असू दे!

टेबलावर ब्युस्कोपान (आतड्याची हालचाल थांबवणारं औषध) 20 मिलिग्रॅम शिरेतून. आधी काचबिंदूचं विचार. सिंगल-शॉट टी2 मध्ये (झटपट घेतलेली, पाणी पांढरं दाखवणारी चित्रं) आतड्यातलं हलणारं पाणी काळे डाग पाडतं, त्याला पॉलिप (भिंतीवरची गाठ) समजशील. त्याच जागी बॅलन्स्ड सिक्वेन्स (पाण्याच्या हालचालीने फारशी न बिघडणारी चित्रं) बघ, डाग सहसा गायब. भिंतीची सूज फॅट-सॅट टी2 वर (चरबी काळी केलेली चित्रं) बघ. डिफ्युजनवर (पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते दाखवणारी चित्रं) न फुगलेलं निरोगी आतडंही चमकतं, एकट्या त्यावर रिपोर्ट लिहू नकोस. इलिओसीकल भागात (लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे) भिंत जाड दिसली तर आपल्याकडे टीबीही डोक्यात ठेव. छातीचा एक्स-रे बघितल्याशिवाय 'क्रोन्स' लिहून मोकळी होऊ नकोस.